प्रार्थनेतल्या नावांची वही

३ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि मी दुकानात दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर ‘चिकित्सालय’ लिहीत होतो. जोडाक्षर भरत असतानाच बायको दारात येऊन उभी राहिली. ती दुकानात कधी येत नाही. माझा हात थांबला पण ब्रश उचलायचे सुचले नाही, त्यामुळे एक थेंब खाली ओघळला. तो पुसला आणि मग वर पाहिले.

“अहो, एक विचारायचं होतं. घरी आईंसमोर नको म्हणून इथे आले.”

वाटले, मी काहीतरी केले असणार.

“भिंगरीला संध्याकाळी प्रार्थनेला तुम्ही बसवाल का? मंगळ, गुरू, शनी माझी दोन ते दहा पाळी. आई बसवतात, पण दुसऱ्या ओळीलाच घोरायला लागतात. पोर एकटीच बसून राहते.”

“मी? मला कुठे काय येतं त्यातलं?”

“येण्यासारखं काय आहे? बसायचं. तिच्या नुसत्या ओळी पाठ व्हायला नकोत, मनात काहीतरी रुजायला हवं. तुम्ही बसलात तर नेम तरी चुकणार नाही.”

हो म्हणालो. ती गेल्यावर ती आख्खी ओळ पुसून परत लिहिली, कारण हात हलका झाला होता आणि अक्षरे वर तरंगल्यासारखी दिसत होती.

ही वही त्यासाठीच घेतली आहे. रोज काय शिकवले, ती काय म्हणाली, ते लिहायचे. खोटे लिहायचे नाही. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण शुद्धलेखन चुकत नाही. पाटीवर एक वेलांटी चुकली तर सगळे गाव बोट दाखवते, त्या धाकाने शिकलो.

सुरुवातीला घराचे लिहून ठेवतो. लग्नाला पाच महिने झाले. बायको रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी मोजते आणि भिजवते. भिंगरी तिची, सात वर्षांची. भिंगरीचे वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवत. तीन वर्षांपूर्वी रस्त्यावरच गेले. घर त्यांच्या आईचे. भिंगरी तिला आजी म्हणते, बायको आई म्हणते, मी मावशी म्हणतो. ती मला पेंटर म्हणते. भिंगरी मला काका म्हणते. बाबा हा शब्द त्या घरात एकाच माणसाचा आहे, आणि त्याचा कोट अजून दाराच्या खुंटीवर आहे. माझा शर्ट मी खुर्चीच्या पाठीवर टाकतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला दिवस. बायको पाळीवर. सात वाजता मधल्या खोलीत सतरंजी घातली. मावशी भिंतीला टेकून बसली.

“काय पेंटर, देवाला पण पट्टी लावून सरळ बसवणार का?”

सतरंजी वाकडी होती, ती मी सरळ करत होतो, म्हणून ती असे म्हणाली.

या घरातली प्रार्थना अशी. आधी तीन ओळी: देवा, आजचा दिवस गेला. चुकलो असू तर समजून घे. उद्याचा दिवस तुझ्या हाती. मग नावे. भिंगरी डोळे मिटून एकेक नाव घेते, त्या माणसाबद्दल काही सांगायचे असेल तर सांगते, आणि बाकीचे म्हणतात, “सांभाळ.” बायको म्हणाली, हे नावांचे तिच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आले आहे.

आजची नावे: आई. बाबा. दूधवाल्याचा कुत्रा (शुक्रवारपासून हरवला आहे).

बाबांचे नाव आले तेव्हा मावशी “सांभाळ” असे म्हणाली की खोलीतली हवा बदलली. मीही म्हणालो. ओठ हलवले. आवाज आला की नाही ठाऊक नाही.

माझे नाव नव्हते. मावशीचेही नव्हते, त्यामुळे मनाला लावून घेतले नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बायको घरी. आज भिंगरीने विचारले, “काका, देवाला ऐकू कमी येतं का?”

“का गं?”

“मग आपण रोज तेच तेच का सांगतो?”

लहानपणी चुलत्याच्या घरी मी रोज रात्री देवाला एकच सांगत असे, की उद्या मार पडू देऊ नको. कधी पडायचा, कधी नाही. त्यावरून देवाचा अंदाज काही बांधता आला नव्हता. तिला हे सांगणे बरे नव्हे, म्हणून म्हणालो, “आपल्याला आठवण राहावी म्हणून.”

ती म्हणाली, “मला आठवण आहेच.”

नावे: बाबा. कुत्रा. शाळेतल्या बाई (रजेवर आहेत, आजारी).

आज आईचेही नाव विसरली, आणि आई तर शेजारीच बसली होती! मुलांचे लक्ष टिकत नाही. खूण करून ठेवली आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बायको पाळीवर. नावे: आई. बाबा. कुत्रा. शाळेतल्या बाई.

सगळी नावे झाल्यावर मी सहज विचारल्यासारखे विचारले, “अजून कुणी राहिलं का? नीट आठव.”

तिने डोळे मिटूनच खूप विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. मी पुढे झुकलो होतो, हे लिहायला लाज वाटते.

“हो, हो, राहिला! टपालवाला. त्याची सायकल पंक्चर होती सकाळी.”

मावशीला हसू फुटले. ती हसली तेव्हा भिंगरीही हसली, आणि भिंगरी हसली की मावशी हटकून म्हणते, “अगदी त्याचं हसू.” आजही म्हणाली.

टपालवाला माझ्या आधी. ठीक आहे. पण कुत्रा? आज मी एका कुत्र्याचा हेवा केला. खोटे लिहायचे नाही असे ठरवले आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस नीट लिहिला पाहिजे.

बायको पाळीवर. मावशी डोळे तपासायला गेली होती आणि आज बहिणीकडेच राहणार होती. घरात मी आणि भिंगरी. मी दुकानातून तासभर आधी आलो, बटाटे उकडले, तिला सोलून दिले. तिच्या वहीला कव्हर घातले, वर तिचे नाव टाकले, फिकट निळ्या रंगात, अक्षरांना मागे सावली दिली. ती म्हणाली, “काका, हे उड्या मारतंय!” मला वाटले, आज येणार. आज नाव येणार.

सात वाजता बसलो. समोरासमोर. तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते.

नावे: आई. आजी (डोळ्यांत औषध घालून दिसत नाही, रस्ता ओलांडताना धर). बाबा. टपालवाला.

कुत्रा काल सापडला आणि बाई शाळेत रुजू झाल्या, म्हणून दोघे गळले.

आजीसुद्धा आली यादीत. खोलीत माणसे दोन, त्यातला एक मी, आणि तिने सगळ्या गावाला सांभाळायला सांगितले, मला नाही. मी “सांभाळ, सांभाळ” म्हणत बसलो होतो, हजेरी घेणाऱ्या मास्तरासारखा, ज्याचे स्वतःचे नाव हजेरीत नसते.

नंतर तिला झोप येईपर्यंत मी तिच्याशी नीट बोललो नाही. ती म्हणाली, “काका, तुझं पोट दुखतंय का?” मी नाही म्हणालो.

तिला सरळ विचारता आले असते. विचारले नाही. मागून घेतलेल्या नावाला काय अर्थ?

९ फेब्रुवारी, रविवार

बायकोला एवढेच विचारले, “तिला मी आवडतो का?”

ती चादरीसारखी घडी घालत होती, सगळ्याच कपड्यांची ती तशी घडी घालते. म्हणाली, “का? काही बोलली का?”

“बोलली असती तर बरं झालं असतं.”

“पाच महिने झालेत हो. थोडा दम धरा.” मग जरा वेळाने म्हणाली, “तिचे बाबा पंधरा पंधरा दिवस घरी नसायचे. तरी तिला त्यांचं इतकं वेड होतं.”

बोलताना तिचे लक्ष घडीकडे होते. माझे तिच्याकडे होते. पंधरा दिवस घरी नसून एवढे प्रेम, आणि मी रोज सातच्या ठोक्याला हजर. कुठे नोंदवायचे हे?

श्रद्धा रुजवायला बसलो आहे आणि मनात हे चालू आहे. ती डोळे मिटते तेव्हा मी मिटत नाही. तिच्या ओठांकडे पाहत असतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज दुकानाच्या मालकांना सांगून टाकले. ते शिडीखाली बसून चहा पीत होते. दुसऱ्या कुणाला सांगणार?

मालक म्हणाले, “एवढंच? अरे, माझ्या सख्ख्या मुलाला माझी जन्मतारीख माहीत नाही.”

“तसं नाही मालक. कुत्र्याचं नाव येतं.”

“कुत्रा शेपूट हलवतो. तू हलवतोस का?” आणि स्वतःच इतके हसले की चहा सांडला. मग म्हणाले, “हे बघ, आपल्या धंद्यात एक गोष्ट मी पाहिली. पाटी समोर लागली की माणूस वाचतोच. वाचायचं नसलं तरी वाचतो. लघवी करू नये असं लिहिलेलं पण लोक वाचतात.”

“वाचतात, आणि तिथेच करतात.”

“पण वाचतात ना!”

ते विनोदाने बोलले. माझ्या डोक्यात मात्र ते बसले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस पाटीचे काम केले, दुकान बंद झाल्यावर रोज अर्धा तास. दीड फूट बाय दोन फूट पातळ फळी. पांढऱ्या अस्तराचे दोन हात, मग सायीसारखा पिवळट रंग. खडूची दोरी ताणून रेषा मारल्या. वर तीन ओळी प्रार्थनेच्या, खाली ठळक अक्षरांत: सर्वांना सांभाळ. त्याखाली एकेका ओळीवर नावे. आई. आजी. काका. भिंगरी.

चार नावांनंतर खाली चार बोटे जागा उरली. पाच नावे मावतील अशाच रेषा मी मारल्या होत्या. हात आपोआप तसा गेला होता. त्या रिकाम्या ओळीपुढे मी बराच वेळ बसलो. स्वतःशी वाद घातला, की पाटी घरातल्या माणसांची आहे. जे घरात राहतात त्यांची. मुलांना गेलेल्या माणसात अडकवून ठेवू नये, असे कुठेतरी वाचलेही होते. हे सगळे मुद्दे बरोबर आहेत. आणि मला ते नाव माझ्या हाताने लिहायचे नव्हते, हेही बरोबर आहे.

त्या जागेत फूल काढले. पाच पाकळ्या, लाल, देठाला दोन पाने. फूल चांगले आले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाटी लावली. सगळी घरी होती. बायको म्हणाली, “किती सुरेख अक्षर!” मावशी नवा चष्मा लावून जवळ गेली, खालपर्यंत वाचले, आणि चष्मा काढून जागेवर येऊन बसली.

मी भिंगरीला सांगितले, आजपासून पाटीवरून म्हणायचे, म्हणजे कुणी विसरणार नाही. ती बोट ठेवून वाचू लागली. शाळेत वाचतात त्या सुरात.

“सर्वांना सांभाळ. आई. आजी. काका. भिंगरी.” बोट खाली सरकले. “फूल.”

आले माझे नाव. तिच्या तोंडून, स्वच्छ, तिसऱ्या क्रमांकावर. मी वाट पाहत होतो की आत काहीतरी होईल. बस थांब्यावर उभे राहून समोरच्या दुकानाची पाटी वाचावी तसे तिने ते वाचले होते.

मग तिने पाटीकडे पाठ केली, सतरंजीवर नीट मांडी घातली आणि विचारले, “झालं ना पाटीचं? आता खरी नावं घेऊ?”

“हीच खरी.”

“आणि बाबा?”

“बाबा देवाजवळच आहेत. त्यांचं वेगळं सांगावं लागत नाही.”

“पण ते अजून घरी आले नाहीत.”

मी म्हणालो, “नावं एकदाच घ्यायची. झाली घेऊन.” माझा आवाज चुलत्यासारखा आला. मी ओळखला तो.

तिने मान हलवली आणि उठून गेली.

भांडी विसळताना बायकोने विचारले, “फूल कशाला काढलंत?”

“जागा उरली होती.”

“हं,” ती म्हणाली. पुढचे सगळे बोलणे त्या “हं” मध्येच होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नऊ. ब्रश धुवायला मागच्या जिन्याकडे गेलो. भिंगरी तिसऱ्या पायरीवर डोळे गच्च मिटून बसली होती आणि भराभर पुटपुटत होती, कुणी येईल या घाईने. “...आणि बाबांना सांभाळ, घाटात गाडी हळू, आणि टपालवाल्याला, आणि आई आज बाजारात गेलीय तिला.” तिला माझी चाहूल लागली. तोंड मिटले.

“काय करतेस गं?”

“काही नाही. नुसती बसलेय.”

माझ्याशी ती कधी खोटे बोलली नव्हती. शाळेत शाई सांडली, ताट फोडले, सगळे स्वतःहून येऊन सांगते. तिला श्रद्धा शिकवायला मला बसवले, आणि मी तिला जिन्यात लपून देवाचे नाव घ्यायला शिकवले.

हे कळते आहे. आणि तरी, ब्रश धूत असताना मनात पहिले काय आले? खोटे बोलली तीही त्याच्यासाठीच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मावशी तीन दिवस गप्प होती. आज चहाचा कप ठेवायला आली आणि ठेवलाच नाही, हातात धरून उभी राहिली.

“पेंटर, एक सांग. माझ्या मुलाला त्या फुलाखाली पुरलंस का रे?”

“तसं नाही मावशी. ती पाटी घरातल्या माणसांची—”

“घर कुणाचं?”

“तुमचं. पण तीन वर्षं झाली मावशी. कधीतरी त्या पोरीला—”

“मला वर्षं मोजून दाखवू नकोस. मोजायचं काम माझं आहे, ते मी करते. तू वहीत खुणा कर.”

तिला वहीचे माहीत आहे. सगळ्यांनाच असेल.

बायको दारात होती. मला वाटले, ती माझी बाजू घेईल, नाहीतर मावशीची तरी. ती म्हणाली, “आई, चहा गार होतोय,” आणि कप तिच्या हातातून घेऊन माझ्यासमोर ठेवला. तो प्यालो. गार झाला होता.

दुकानात गेल्या गेल्या मालकांना म्हणालो, परगावच्या गोदामाच्या भिंतीवर नाव रंगवायचे काम आले आहे ना, ते मी करतो. मालक म्हणाले, “तू? तू तर संध्याकाळी सातनंतर बाजाराचंसुद्धा काम घेत नाहीस.” म्हणालो, आता घेतो. चार दिवस. बसू दे त्यांना त्यांच्या माणसाबरोबर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

परगावी. सकाळी साडेसहाला निघालो. भिंगरी दात घासता घासता फेस घेऊन बाहेर आली.

“काका, किती दिवस?”

“चार.”

“शिडी केवढी आहे?”

“उंच.”

“दुकानातल्यापेक्षा?”

“दुप्पट.”

“पडशील?”

“पडलो तर पडलो,” मी म्हणालो.

ती फेस गिळून तशीच उभी राहिली. बस सुटल्यावर त्याची टोचणी लागली. सात वर्षांच्या मुलीला कुणी असे बोलते?

भिंत साठ फूट लांब. अक्षरे माझ्यापेक्षा उंच. आज फक्त रेषा मारून झाल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काम ठीक. पहिली तीन अक्षरे भरली. एवढ्या मोठ्या अक्षराजवळ उभे राहिले की अक्षर दिसतच नाही, नुसता निळा रंग दिसतो. वाचायला रस्ता ओलांडून पलीकडे जावे लागते. दिवसातून वीस वेळा गेलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गोदामाचा रखवालदार भला माणूस आहे. संध्याकाळी काम थांबवून त्याच्याबरोबर पायरीवर बसलो. सात वाजले आणि काय झाले कुणास ठाऊक, डोळे मिटले गेले. कुणी सांगितले नव्हते, कुणी पाहत नव्हते. मनातल्या मनात तीन ओळी म्हणालो. मग नावे घेतली. बायको, आज पाळीवर आहे, तिथली फरशी ओली असते. मावशी, तिच्या डोळ्यांचे. भिंगरी.

भिंगरीपाशी आलो आणि काय मागावे ते सुचेना. बराच वेळ तिच्या नावावरच थांबलो.

देव आहे की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या तीन नावांवरून हात फिरवल्यासारखे वाटले, आणि ती माणसे इथून सहा तासांवर होती.

रखवालदार म्हणाला, “माझ्यासाठीपण मागितलं का काही?” चेष्टेत म्हणाला. मी ओशाळलो. त्याचे नाव घ्यायचे सुचलेच नव्हते. तो तर शेजारीच बसला होता, विडी ओढत. त्याचे काय मागायचे?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंत दुपारी बारालाच पुरी झाली. मिळाली ती बस पकडली. गल्लीत शिरलो तेव्हा सातला पाच कमी होते, दारापाशी आलो तेव्हा आत सुरू झाले होते. दार लोटलेले होते. पिशवी खाली ठेवून उभा राहिलो. वाटले, आपण आत गेलो की परत तीच पाटी, तेच गप्प बसणे. होऊन जाऊ दे त्यांचे.

भिंगरीचा आवाज आला. पाटी वाचतानाचा नव्हे, तिचा.

“...आणि काकाला सांभाळ. त्याची शिडी दुप्पट आहे. ती खालून धर, वरून धरून काही उपयोग नाही. आणि तो रागावून गेलाय, म्हणून जरा जास्त सांभाळ.”

“सांभाळ,” बायको म्हणाली.

“सांभाळ,” मावशी म्हणाली. तीच मावशी. आणि वर म्हणाली, “आणि अक्कल दे.”

“आजी, मध्ये नाही बोलायचं.”

मी दाराला हात लावून उभा होतो. तो कोट माझ्या खांद्याजवळच, दाराच्या आतल्या बाजूला असतो. मी दार ढकलले.

भिंगरीने एक डोळा उघडला. “आला!” ती ओरडली, आणि लगेच तो डोळा परत मिटून, घाईघाईने, वर तोंड करून म्हणाली, “काकाचं राहू दे आता. आला तो.”

बायको खाली मान घालून हसू दाबत होती. मावशीने दाबले नाही.

मी तिथेच, चपला न काढता म्हणालो, “राहू दे का? चालू दे की. इतक्या दिवसांनी तर आलं नाव.”

“चार दिवस रोज घेतलं,” भिंगरी म्हणाली. “आता कशाला? तू आलास ना! घरात असलेल्या माणसाचं काय सांगायचं? देवाला बाहेरच्यांचीच केवढी कामं असतात.”

“मग याआधी कधीच कसं घेतलं नाहीस?”

माझ्या शाळेतल्या बाई माझ्याकडे पाहायच्या तसे तिने पाहिले. “तू कधी बाहेर जातोस? सात वाजता इथेच बसलेला असतोस, वही घेऊन.”

“घरकोंबडा,” मावशी म्हणाली. “देवाला कशाला त्रास द्यायचा घरकोंबड्यासाठी?”

बायको म्हणाली, “तिचे बाबा गाडी घेऊन निघाले की रोज नाव, घरी आले की नाही. तेव्हापासूनची सवय आहे तिची. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे.”

ठाऊक नव्हते. आता ही वही मागे उलटून पाहिली. मंगळवारी आई आहे, बुधवारी नाही, गुरुवारी आहे. आजी एकदाच, बहिणीकडे गेली त्या दिवशी. कुत्रा सापडला आणि गळला. सगळे माझ्याच अक्षरात, एक वेलांटी चुकलेली नाही. इतके नीट लिहिले आणि एकदाही वाचले नाही.

पाटी सतरंजीमागे भिंतीकडे तोंड करून उभी होती. कुणी काढली ते विचारले नाही.

“बस ना काका,” भिंगरी सरकून जागा करत म्हणाली, “एक राहिलंय.”

बसलो. तिच्या आणि मावशीच्या मध्ये. डोळे मिटले. भिंगरी म्हणाली, “बाबांना सांभाळ. घाटात गाडी हळू.” ती थांबली. आम्हा तिघांसाठी थांबली होती. मी म्हणालो. यावेळी मला माझा आवाज ऐकू आला. मावशीलाही आला असावा, कारण तिने कोपराने मला ढोसले. रागाने की कसे, ते सांगता येत नाही.

हेवा गेला का, हे आत तपासून पाहिले. गेलेला नाही. त्याचे नाव ती रोज घेणार, माझे फक्त मी परगावी गेलो की. पण मी दार ढकलून आत येऊ शकतो, आणि मी आलो की ती ओरडते.

आजची नोंद. घरात: भिंगरी, तिची आई, मावशी, मी. मिळून चार.
वाटेवर: एक. त्याला सांभाळ.